भाकरीबरोबरचा गूळ आणि बाटलीतला गूळ

पत्र : माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत तपकिरी डाग दिसले. त्यांतल्या दोन दातांचे कोपरे आता खचल्यासारखे दिसतात. खालचे दात मात्र पांढरे आहेत. मी शाळेत शिक्षिका आहे. धाकटी मुलगी पाच महिन्यांची असल्याने सध्या रजेवर आहे, म्हणूनच हे नीट लक्षात आले. एरवी दिवसभर मुलाला सासूबाईच सांभाळतात. दुपारी आणि रात्री गूळ घातलेल्या दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात की गूळ साखरेसारखा वाईट नसतो, त्यांनी तीन मुले गुळावरच वाढवली, आणि दुधाचे दात काय, पडणारच आहेत. त्या स्वतः मशेरी लावतात आणि कधी कधी त्याच बोटाने त्याचे दात घासून देतात. सासरे त्याला सकाळ-संध्याकाळ आपल्याबरोबर चहा-खारी देतात. पुढच्या महिन्यात धाकटीचे उष्टावण आहे आणि मलाही शाळेत रुजू व्हायचे आहे. मुलाचे दात काढावे लागतील का? धाकटीच्या बाबतीत हे टाळता येईल का? आणि घरात कुणाला न दुखावता हे सगळे सांगायचे कसे?
— एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

ताई,

सर्वांत आधी एक काम करा. या आठवड्यातच मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि शक्य असेल तर लहान मुलांच्या दातांच्या तज्ज्ञांकडेच न्या. तोंड प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठाम निदान करता येत नाही. तरी तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यावरून पुष्कळ गोष्टी सांगता येतात. वरचे पुढचे चार दात किडलेले आणि खालचे पुढचे दात स्वच्छ, हे बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांमध्ये नेहमी दिसणारे चित्र आहे. झोपेत बाटलीतले दूध वरच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या दातांवर त्या वेळी जीभ टेकलेली असते आणि जिभेखालून लाळ पाझरत असते, म्हणून ते वाचतात. शिवाय झोपेत लाळ फारच कमी सुटते, त्यामुळे जागेपणी जे गोड लाळेने धुऊन गेले असते ते झोपेत तासन्‌तास तिथेच राहते.

दात काढावे लागतीलच असे मुळीच नाही. कीड किती खोल गेली आहे यावर उपचार ठरतो. अगदी सुरुवातीला हिरडीलगत खडूसारखे पांढरे, निस्तेज पट्टे दिसतात. त्या टप्प्यावर दाताला भोक पडलेले नसते, आणि फ्लोराइडचे व्हार्निश लावून व घरच्या सवयी बदलून तो भाग पुन्हा टणक होऊ शकतो. तुमच्या मुलाचे काही दात या टप्प्याच्या पुढे गेले आहेत असे वर्णनावरून वाटते. कीड वरवरची असेल तर दात भरता येतो. मूल लहान असल्यामुळे खुर्चीत स्थिर बसत नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव औषध नुसते दातावर लावूनही कीड पुष्कळदा थांबवता येते. मात्र त्याने किडलेला भाग काळा पडतो आणि तो काळाच राहतो, हे डॉक्टरांकडून आधी नीट समजून घ्या आणि घरातल्यांनाही सांगा. नाहीतर औषध लावून दात आणखी बिघडवला असा गैरसमज होतो. कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचली असेल तर दुधाच्या दातालाही रूट कॅनलसारखा उपचार करून वर टोपी बसवता येते. दात वाचण्याच्या पलीकडे गेला असेल आणि हिरडीत पू झाला असेल, तरच तो काढतात.

तोपर्यंत एवढे लक्षात ठेवा : गालाला किंवा ओठाला सूज येऊन ताप आला, तर तो दिवस वाट पाहण्याचा नसतो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. दात दुखतो म्हणून लवंगेचे तेल इतक्या लहान मुलाच्या तोंडात घालू नका. ते पोटात गेल्यास लहान मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

खर्चाची चिंता असेल तर शहरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हे सरकारी रुग्णालय आहे आणि जिल्ह्यात नवे पारगाव येथे दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. मुलगा अंगणवाडीत जात असेल तर तिथेही चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आणि त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची तरतूद आहे. त्या तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते आणि गरज असल्यास मुलाला पुढे उपचारासाठी पाठवले जाते.

आता सासूबाईंचे म्हणणे. दुधाचे दात पडतात हे खरेच आहे, पण ते केव्हा पडतात हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पुढचे दात साधारणपणे सहाव्या ते आठव्या वर्षी पडतात. दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तुमच्या मुलाच्या मागच्या दाढा नुकत्याच आलेल्या असतील किंवा येत असतील, आणि त्यांना अजून सात ते नऊ वर्षे चावण्याचे काम करायचे आहे. दुधाचा दात खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा धरून ठेवतो. तो वेळेआधी काढावा लागला तर विशेषतः दाढांच्या बाबतीत शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर त्याखाली घडत असलेल्या कायमच्या दातावरही डाग किंवा खड्डे पडू शकतात. आणि या साऱ्याच्या आधी दुखणे असते. पावणेतीन वर्षांचे मूल दात दुखतो असे नेमके सांगू शकत नाही. ते एका बाजूने खाते, घास गालात धरून बसते, रात्री उठून रडते, चिडचिडे होते, आणि आपण म्हणतो की हा जेवायला त्रास देतो.

याच ओघात एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तिच्या अज्ञानाने फार नुकसान झालेले मी पाहिले आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हेच घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आली तरी तिला दुधाची दाढ समजून किडू दिले जाते. ती कायमची दाढ असते आणि तिच्या जागी पुन्हा दुसरी येत नाही. आणखी तीन वर्षांनी तुम्हाला हे आठवावे म्हणून आजच लिहिले.

गुळाबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तिथेच आहे. ज्या जिल्ह्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळावरून काकवीची बरणी घरी येते, जिथल्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ज्याच्यावर हजारो शेतकऱ्यांची घरे चालतात, तिथे मुलाला गूळ देऊच नका असे सांगणे मला व्यवहार्य वाटत नाही आणि आवश्यकही वाटत नाही. गुळात थोडी खनिजे असतात हे सासूबाईंचे म्हणणे चूक नाही. परंतु गुळाचा मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरेतली तीच साखर असते, आणि दातांवरच्या जिवाणूंना ती गुळातून आली की पिशवीतल्या साखरेतून, याने काही फरक पडत नाही. मध, काकवी, खडीसाखर यांनाही हेच लागू होते.

दात किडतो तो असा. दातावर जिवाणूंचा एक चिकट थर सतत असतो. आपण गोड खाल्ले की काही मिनिटांत हे जिवाणू त्यातून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणातले क्षार विरघळवू लागते. त्यानंतर लाळ हळूहळू आम्ल निष्प्रभ करते आणि निघून गेलेले क्षार परत दातात भरते; या सावरण्याला साधारण अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढा अवकाश मिळाला तर दात टिकतो. तो सावरण्याआधीच पुन्हा चहा, पुन्हा बिस्किट, पुन्हा बाटली आली तर क्षार जातच राहतात, आणि एक दिवस त्या ठिकाणी खळगा पडतो. म्हणून आपल्या मुलांच्या दातांचे भवितव्य गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले आणि किती वेळ तोंडात राहिले यावर अधिक ठरते. जेवताना खाल्लेला गुळाचा खडा आणि तोच खडा दुधात विरघळवून दोन तास तोंडात धरलेली बाटली, यांत गूळ सारखाच असला तरी दाताच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सासूबाईंनी तीन मुले गुळावर वाढवली हे खरे असणार, आणि त्यांचे दात तुमच्या मुलाच्या दातांहून चांगले राहिले असतील तर त्याचे कारण त्यांच्याच पद्धतीत होते. त्या वेळी बहुतेक घरांत गूळ ताटात येत असे, भाकरी आणि तुपाबरोबर, दिवसातून एकदा किंवा दोनदा. दूध वाटीतून किंवा पेल्यातून प्यायले जाई. दोन जेवणांच्या मध्ये मूल अंगणात खेळत असे, तिथे पाण्याखेरीज फारसे काही मिळत नसे, आणि दर कोपऱ्यावरच्या दुकानात माळेसारखी लटकणारी पाकिटेही नव्हती. सासूबाईंनी जुने सोडावे असे मला म्हणायचे नाही. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या जुन्या रीतीकडे परत यावे, एवढेच सुचवायचे आहे. गूळ ताटात परत आणा आणि बाटलीतून काढून टाका. मुलाला भाकरी-गूळ-तूप द्या, शेंगदाण्याचे कूट घालून द्या. (अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे मात्र या वयात देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते.)

घरात हे उपदेशाने पटत नाही, मोजणीने पटते. भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी एक कागद लावा आणि सलग तीन दिवस, पाण्याखेरीज काहीही मुलाच्या तोंडात गेले की जो देईल त्याने स्वतःच्या हाताने त्यावर एक उभी रेघ मारावी. बाटली असेल तर रेघेला गोल करावा. जेवणाचीही रेघ मारावी, काकांनी आणलेल्या चॉकलेटचीही, शेजारणीने दिलेल्या बिस्किटाचीही. कुणी कुणाला बोलायचे नाही, फक्त रेघा मारायच्या. तिसऱ्या रात्री सगळ्यांनी मिळून त्या मोजाव्यात. माझ्याकडे येणारी कुटुंबे हा कागद घेऊन येतात तेव्हा बहुतेकदा रेघा दहाच्या पुढे असतात, आणि प्रत्येकाला आपण दिलेले एकच बिस्किट आठवत असते. तीन जेवणे आणि दोन मधल्या वेळची खाणी, म्हणजे पाच रेघा, हे ध्येय ठेवा. गोड द्यायचेच असेल तर या पाचांपैकी जेवणाच्या वेळेत द्या. मधल्या वेळेला फळ, उकडलेले अंडे, दही, थालीपीठ, घावन असे काही द्या. मध्ये तहान लागली तर फक्त पाणी. खारी आणि बिस्किटे ही गोड नसली तरी निरुपद्रवी नसतात, कारण त्यांचा मैदा दाढांच्या खाचांत लगद्यासारखा चिकटून राहतो.

आजोबांच्या चहाबद्दल मला वाईट वाटते, कारण ती वेळ मुलाच्या आणि त्यांच्याही आनंदाची असणार. पण या वयात चहा नकोच. तो अन्नातले लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतो, आणि साखर असतेच. मुलाला त्या वेळी जे हवे असते ते बहुधा आजोबांची मांडी आणि बशीतून फुंकून फुंकून पिणे. त्याच बशीत कोमट, साखर न घातलेले दूध द्या, वेळ तीच ठेवा, आणि आजोबांनाच ते द्यायला सांगा.

बाटली सोडवणे हे सगळ्यांत अवघड काम आहे. ते एका रात्रीत केले तर मूल रडते, घर जागे राहते आणि तिसऱ्या रात्री कुणीतरी कळवळून बाटली परत देते. दोन आठवडे हाती घ्या. पहिल्या तीन-चार दिवसांत बाटलीतला गूळ निम्मा करा, नंतर बंद करा. म्हशीच्या दुधाला स्वतःची चव असते, हे कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. (मुलांना दूध मात्र उकळूनच द्यावे.) पुढच्या तीन-चार दिवसांत दुधात पाणी वाढवत न्या आणि शेवटी बाटलीत नुसते पाणी राहू द्या. त्या बाटलीत मुलाला काही रस उरत नाही आणि ती सुटणे सोपे जाते. दूध रात्रीच्या जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर पेल्यातून द्या, मग दात घासा, मग गोष्ट आणि झोप. दात घासल्यानंतर पाण्याखेरीज काही नाही. या वयात दिवसभरात चारशे-पाचशे मिलीलिटर दूध पुरेसे असते. त्याहून बरेच अधिक दूध पिणारी मुले जेवत नाहीत आणि त्यांच्यात लोहाची कमतरता दिसते, म्हणून रात्रीचे दूध सुटल्याने मूल अशक्त होईल ही भीती सासूबाईंच्या मनातून काढून टाका. दुपारच्या झोपेच्या वेळी तुम्ही घरी नसाल, तेव्हा थोपटण्याचे काम त्यांच्याकडेच असेल. म्हणून तुमची रजा संपण्याआधीच हे दोन आठवडे सुरू करा.

दात घासण्याबाबत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. रात्रीचे घासणे सकाळच्या घासण्याहून अधिक मोलाचे असते. ते मोठ्या माणसाने करायचे असते, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला तेवढे कौशल्य नसते. सकाळी त्याला हौसेने घासू द्या, रात्री तुम्ही घासा. आणि पेस्टमध्ये फ्लोराइड असलेच पाहिजे. वेष्टणावर त्याचे प्रमाण पीपीएम या मापात छापलेले असते. ते १००० च्या आसपास असावे. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते बरेच कमी असते किंवा नसतेच, म्हणून चित्र पाहून नव्हे, वेष्टण वाचून पेस्ट घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मूल ती गिळेल ही काळजी पुष्कळ आया बोलून दाखवतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते, आणि तेवढे पोटात गेल्याने अपाय होत नाही. ट्यूब मात्र मुलाच्या हाती देऊ नका. मूल थुंकायला शिकले की फेस थुंकू द्या, पण खळखळून चूळ भरायला लावू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहील. घासताना मुलाचे डोके तुमच्या मांडीवर घ्या आणि डाव्या बोटाने वरचा ओठ उचला. कीड तिथेच लपते, आणि समोर उभे राहून घासताना ती जागा नेमकी राहून जाते.

मशेरीबद्दल मात्र मी मवाळ शब्द वापरू शकत नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तोच बोटाला लागलेला असताना मुलाच्या हिरडीला बोट लावणे म्हणजे त्याला निकोटिन देणे होय, आणि ते आजपासून, आत्तापासून थांबले पाहिजे. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर आपल्या देशात १९९२ मध्येच बंदी आली, ती त्याच्या घातकपणामुळेच. यात सासूबाईंना दोष देण्यासारखे काही नाही. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी बायकांना ही सवय दात शिवशिवतात, हिरड्या दुखतात म्हणून लागली आणि मग सुटली नाही. त्यांचे दात कधी कुणी तपासले आहेत का, हे विचारा. त्यांच्या तोंडाची तपासणी, आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का हे पाहणे, नातवाच्या उपचाराइतकेच गरजेचे आहे. मशेरी सोडायला वेळ लागेल. नातवाचे दात त्या बोटाने न घासणे मात्र एका दिवसात जमेल.

धाकटीच्या बाबतीत हे टाळता येईल का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होय असे आहे, आणि तुम्ही अगदी योग्य वेळी विचारले आहे. पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास, खालच्या बाजूला पुढे येतो, म्हणजे उष्टावणाच्या सुमारासच. काही मुलांना वर्ष होईपर्यंतही तो येत नाही आणि तेही स्वाभाविक आहे. वरचा दात आधी आला म्हणून मामाला जड जाते असे कुणी म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. आत्ता दात नसताना स्वच्छ ओल्या मऊ कापडाने हिरड्या पुसा, म्हणजे तोंडात बोट आणि कापड जाण्याची तिला सवय होईल. पहिला दात दिसला त्या रात्रीपासून मऊ ब्रश आणि पेस्टचा पुसट लेप सुरू करा. गुटी उगाळून देत असाल तर तीत मध घालू नका, आणि एक वर्षापर्यंत मध चाटवूच नका. त्यातून तान्ह्या बाळांना बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. उष्टावणाला मामाने चांदीच्या वाटीतून भरवलेली दोन बोटे खीर हा संस्कार आहे, तो आनंदाने करा. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिच्या खिमटात आणि नाचणीच्या सत्त्वात वर्षापर्यंत साखर-गूळ घालू नका. गोडाशिवायची चव तिला अजून ठाऊक आहे. ती बदलण्याची घाई आपणच करतो.

अंगावरचे दूध दातांसाठी बंद करू नका. ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे. वर्षानंतर दात आलेले असताना रात्रभर अधूनमधून पाजणे होत असेल, तर झोपण्यापूर्वी दात घासलेले असणे तेवढे अधिक गरजेचे ठरते. बाटलीची सवयच लावू नका. तुम्ही शाळेत असताना काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने देता येते, आणि सहा महिन्यांनंतर छोट्या पेल्यानेही. दात येताना हिरड्या खाजतात, लाळ गळते; जोराचा ताप आणि जुलाब मात्र दातांमुळे होत नाहीत, ते झाले तर डॉक्टरांना दाखवा. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दातांच्या डॉक्टरांकडे तिला न्या, दुखत नसतानाच.

दात किडवणारे जिवाणू बाळाच्या तोंडात जन्मतः नसतात. ते बहुतेक वेळा घरातल्यांच्याच लाळेतून, उष्ट्या चमच्याने किंवा चावून भरवलेल्या घासाने येतात. म्हणून तुमचे, यजमानांचे, सासूबाईंचे किडलेले दात दुरुस्त करून घेणे हेही धाकटीच्या दातांचेच काम आहे. कुणी तिचा पापा घेऊ नये असे मी सांगणार नाही. चमचा वेगळा ठेवा, एवढे पुरे.

आता तिसरा प्रश्न. तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, सासरे आहेत, दोन्ही मुले आहेत. मुलाच्या वडिलांचा उल्लेख कुठेच नाही. आपल्या आईशी या विषयावर त्यांनीच बोलावे. सुनेने सांगितलेली गोष्ट तक्रार वाटते आणि मुलाने सांगितलेली तीच गोष्ट काळजी वाटते, हे योग्य नसले तरी घरोघरी तसेच आहे. मुलाच्या दातांसाठी तेवढे ध्यानात घ्या. रात्रीचा ब्रशही त्यांच्याकडेच सोपवा. दिवसभर सांभाळणाऱ्या सासूबाई, शाळेतून दमून आलेल्या तुम्ही आणि पाजण्याचे अंतर सांभाळणारे तान्हे बाळ, यांत रात्री नऊच्या त्या दोन मिनिटांना मोकळा हात बहुधा वडिलांचाच असतो.

सासूबाईंशी बोलताना किडलेल्या दातांपासून सुरुवात करू नका, कारण त्यातून कुणी काही न बोलताही आरोप निघतो. त्यांना त्यांच्या मुलांच्या लहानपणाबद्दल विचारा : दूध कशातून देत होतात, गूळ केव्हा देत होतात, रात्री झोपवत कसे होतात. त्या जे सांगतील त्यातच तुम्हाला हवे असलेले बरेचसे उत्तर असेल, आणि ते त्यांचे स्वतःचे असेल. मग त्यांच्याकडे काम सोपवा : दुपारी बाटलीशिवाय झोपवण्याचे, पाच रेघांचा कागद सांभाळण्याचे, आणि कुणी पाहुणा चॉकलेट घेऊन आला तर ते जेवणाच्या वेळेपर्यंत डब्यात ठेवण्याचे. घरातल्या मोठ्या बाईने ठेवलेला डबा पाहुणाही मुकाट्याने मान्य करतो. तेच तुम्ही केले तर हट्ट ठरेल.

डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन जा. सकाळची वेळ मागा, मूल झोप झालेले आणि पोट भरलेले असू द्या, आणि सुई, दुखणार नाही, घाबरू नको असे शब्द घरातून निघताना कुणी उच्चारू नका. खुर्चीत मूल सासूबाईंच्या मांडीवर बसू द्या. डॉक्टर ओठ उचलून दात दाखवतील, तेव्हा ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत आणि बाटलीबद्दल जे विचारायचे ते त्यांनीच विचारावे.